मलमाचं टेबल

डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आईसाठी डोळ्यात घालायचे थेंब दोन तास मिळेनात, म्हणून शिक्षिका रुग्णालयाच्या औषधखिडकीशी कडाडून भांडल्या आणि बाकावर येऊन बसल्या. शेजारी औषधविभागातल्या, पांढरे कोट घातलेल्या दोघी बोलत होत्या.

"ताई, साहेबांनी मला बाहेर काढलं."

"काय केलंस तू?"

"केलं नाही म्हणूनच काढलं! ज्यात निर्जंतुक थेंब बनवतो, ते गाळलेल्या हवेचं कपाट बंद पडलंय. साहेब म्हणतात, थेंब मलमाच्या टेबलावर कर."

"जिथे दिवसभर आपण पावडरी खलतो तिथे?"

"तेच म्हटलं मी! मलम कातडीवर लागतं, हे थेंब टाके घातलेल्या डोळ्यात जाणार. जंतू गेले तर डोळा हातचा जाईल. तर म्हणे, मला शिकवू नकोस."

"दुसरीकडून मागवायचे ना मग."

"तेही सुचवलं. पण कोण एक बाई खिडकीशी येऊन तणतणली, तो राग माझ्यावर निघाला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. आता स्वतःच करतायत, होतच आलेत."

शिक्षिका ताडकन उठून खिडकीशी गेल्या. साहेबांनी हसत बाटली पुढे केली.

"घ्या बाई, सगळी कामं बाजूला ठेवून तुमचं केलं."

"कुठल्या टेबलावर?"

साहेबांचं हसू मावळलं.

"ओता ते बेसिनमध्ये, माझ्यासमोर. आणि त्या मुलीला आत बोलवा. तोवर मी हलणार नाही."

"काय झालं हो?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

शिक्षिका वळल्या आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात सांगू लागल्या.