टेबलासमोरची कॉट

कंट्रोलर : हात लावू नका त्या उशीला. आधी माझी खिडकीची कॉट परत द्या, मग उशा सारख्या करा.

सिस्टर : काका, तीन दिवस हेच चाललंय. खिडकीजवळ आता दुसरा पेशंट आहे.

कंट्रोलर : तेच म्हणतोय मी. तो हर्नियावाला काल आला, धडधाकट, कानात गाणी घालून पडलाय, त्याला खिडकी. आणि मी बाहत्तर वर्षांचा, मला तुमच्या टेबलासमोर. डोक्यावर दिवा, कानाशी फोन, पायाशी गळका नळ. वर तुम्ही दोघी एकमेकींना सासूच्या कागाळ्या सांगणार. माणसानं झोपावं कधी?

सिस्टर : नळाचं सांगितलंय. प्लंबर येईल.

कंट्रोलर : नळ गेला खड्ड्यात. त्या हर्नियावाल्याचा वशिला कुणाचा आहे, ते सांगा.

सिस्टर : कुणाचाही नाही.

कंट्रोलर : बाई, तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होतो. रोज साठ गाड्या कुठे लावायच्या ते मी ठरवायचो. चहा पाजला की ड्रायव्हरला फाटकाजवळची जागा मिळते, हे मला शिकवू नका.

सिस्टर : चहा? अठ्ठावीस कॉट आणि आम्ही दोघी. सकाळपासून पाण्याचा घोट नाही घशाखाली.

कंट्रोलर : म्हणून माणसाला सामानासारखं ढकलायचं? रविवारी दुपारी जरा डोळा लागला, जागा झालो तर कॉटसकट इथे. विचारलंत मला?

सिस्टर : तुम्ही झोपला नव्हता काका.

कंट्रोलर : मग काय नाचत होतो?

सिस्टर : नाडी लागत नव्हती. मी हाका मारत होते आणि तुम्ही ओ देत नव्हता. खिडकीच्या कॉटपुढे तो खांब आहे, टेबलावरून तुम्ही दिसतच नाही. मी इंजेक्शन द्यायला तिकडे आले म्हणून कळलं. आता तुम्हीच सांगा, साठ गाड्यांत जिचा भरवसा नाही ती कुठे लावायचात?

कंट्रोलर : वर्कशॉपच्या दारात. बंद पडली तर लांबून ढकलत आणायला नको.

सिस्टर : मी बोलायला नको होतं. तुम्ही तोंड उघडायला लावलंत.

कंट्रोलर : बरं केलंत. इथे जो येतो तो मला छान छान म्हणून जातो, बालवाडीतल्या पोरासारखं. माझ्या मुलीला ठाऊक आहे हे?

सिस्टर : चक्कर आली होती, एवढंच ठाऊक आहे तिला. डॉक्टर आज संध्याकाळी तिच्याशी बोलणार आहेत.

कंट्रोलर : मग तोवर तुम्ही गप्प बसा. आली बघा ती.

(मुलगी हातात कागद घेऊन तरातरा आत येते.)

मुलगी : बाबा, मिळाली खिडकी. मोठ्या साहेबांच्या दाराशी दोन तास उभी होते, सही घेऊनच हलले. हे घ्या सिस्टर, वाचा. वाचता येतं ना?

सिस्टर : येतं.

मुलगी : मग हलवा कॉट. तुम्ही कशा उडवाउडवीची उत्तरं देता तेही सांगितलंय मी साहेबांना. त्यांनी हा अभिप्रायाचा फॉर्म दिलाय. कॉटच्या व्यवस्थेबद्दल किती समाधानी आहात, दहापैकी गुण द्या. काय लिहू?

सिस्टर : वाटेल ते लिहा.

कंट्रोलर : राहू दे गं. मी इथेच बरा आहे.

मुलगी : इथेच बरा? तीन दिवस माझं डोकं खाल्लंत. फोन उचलला की खिडकी, खिडकी. रजा टाकून मी सगळ्यांशी वाईटपणा घेतला, आणि आता इथेच बरा?

कंट्रोलर : तिकडे डोळ्यांवर ऊन येतं.

मुलगी : त्या बाजूला ऊन येतच नाही. बाबा, हिनं दम दिलाय ना तुम्हाला?

कंट्रोलर : हिची काय बिशाद. मला दम देणारी एकच होती, तुझी आई. ती गेली.

मुलगी : मग हिची बाजू का घेताय?

कंट्रोलर : बाजूबिजू काही नाही. नळ गळतो, दिवा डोळ्यांत येतो, ही बाई तोंडाळ आहे. सगळं लिही. पण कॉट हलवू नको.

मुलगी : सिस्टर, जरा बाहेर पॅसेजमध्ये या. या म्हणते ना. काय सांगितलंत त्यांना?

सिस्टर : डॉक्टर सहाला येतील, ते बोलतील.

मुलगी : मी तुम्हाला विचारतेय. नाही सांगायचं? नका सांगू. शून्य देणार आहे मी. दहापैकी शून्य, आणि खाली तुमचं नाव.

सिस्टर : द्या शून्य. नाव आडनावासकट लिहा. पण ताई, आज घरी जाऊ नका.