वॉटरप्रूफ पेटी आणि चार अक्षता

पाण्याखालच्या फोटोग्राफीतलं मला एवढंच कळलंय, की कॅमेऱ्याला पाण्यापेक्षा आमच्या हिच्यापासून जास्त जपावं लागतं.

माझा भाचा निखिल सूसला राहतो. आयटीत आहे, म्हणजे त्याला सगळंच येतं. मालवणच्या समुद्रात उतरण्याआधी त्यानं ऑफिसातल्या साहेबांचा कॅमेरा मागून आणला आणि कासार आंबोलीत आमच्या ओळखीच्या शेतकरी ज्ञानोबांच्या विहिरीत तालीम ठरवली. आधी कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी रिकामीच तळाशी नेऊन आणली. आतला टिश्यू पेपर कोरडा निघाला. मग झाकणाच्या रबरी कड्याचं महत्त्व त्यानं आम्हाला अर्धा तास समजावलं.

कॅमेरा आत ठेवून तो झाकण लावणार, तोच ही पूजेचं तबक घेऊन पुढे झाली.

“मामी, रबरावर एक केससुद्धा चालत नाही!”

“केस कुठे टाकतेय? अक्षता आहेत.”

आणि टाकल्याच. निखिलनं फुंकर मारली, झाकण लावलं आणि उडी घेतली. पाच मिनिटांनी वर आला, तेव्हा पेटी भरली होती आणि कॅमेरा आत निवांत डुंबत होता. ज्ञानोबांनी झाकण उघडून रबरात अडकलेला दाणा नखानं काढला.

“ह्यो बगा, हितं हाय. आंबेमोहोर दिसतुया.”

निखिल डोकं धरून काठावर बसला. “मामी, आता साहेबांना काय सांगू?”

“सांग, कॅमेऱ्यावर निभावलं. पूजा केली नसती, तर तू तरी वर आला असतास का?”