तीनशे अठरा दिसलं

नाही, तिथं नका बसू, डॉक्टरबाई. या दगडावर या. — आहे, जागा हीच आहे. ही वाळकी फांदी दिसते ना, ऊन उतरलं की फुलपाखरं एकेक करून हिच्यावरच येऊन लटकतात, रोज हीच फांदी, माणसाला घर असतं तसं. पण खाली पानांत हात टेकू नका. तिथंच चावला साप रोल्दानदादाला. — हो, मी त्याचा धाकटा, लिंदेर. त्याच्यामागं वही मीच लिहितो. अक्षरावरून कळलंच असेल, दुसरीच्या पुढं शाळा नाही. आकडे येतात आणि एक शब्द येतो, 'दिसलं'. तो दादाच्या पानांवरून गिरवून शिकलो. बाकी लागतं काय या कामाला? पंखावर पेनानं नंबर घालायचा, सोडायचं, संध्याकाळी इथं बसायचं, जो नंबर आला त्याच्यापुढं 'दिसलं'. नाही आला त्याच्यापुढं काहीच नाही, रिकामं. मेलं असं लिहायचं नसतं. दादा म्हणायचा, तुला काय ठाऊक रे मेलं म्हणून, दुसऱ्या फांदीला गेलं असेल.

माहितीये, तुम्ही तीनशे अठरासाठी आलात. लाल पट्ट्याचं, खालचं, नदीकाठचं. इथं डोंगरावर सगळी पिवळ्या रेघांची — इथल्या पक्ष्यांना पिवळं कडू हे पक्कं ठाऊक, चोच लावत नाहीत, पण लाल दिसलं की चव घेऊन बघतात. म्हणूनच ना दादाला खालची फुलपाखरं वर आणून सोडायला लावलीत, परक्या रंगाचं किती टिकतं बघायला? आठवडा टिकतं, दोन आठवडे. आणि हे एकटं आठ महिने. तुम्हाला घेऊन आला तो मोटोवाला सांगत होता, बाई वाटभर तेच बोलत होत्या — याच्या वंशातच काहीतरी वेगळं असणार, पायाचा तुकडा लीमाला नेऊन तपासायचा, मग आधीचं सगळं पुन्हा मांडायचं. मी म्हटलं, मांडू दे.

जूनमधल्या सान हुआनच्या सणाचा दुसरा दिवस होता. पहाटे नवी फुलपाखरं नंबर घालून इथं सोडायची पाळी माझी. माझी हो, दादाची नाही. मी मासातोची दारू पिऊन आडवा, तर हा येऊन पाय हलवतो, 'उठा, राजे, स्वारी निघायची आहे.' मी म्हटलं, 'तूच जा, फुलपाखरांचं तुझ्यावर प्रेम आहे.' हसला. गेला. ऊन वर आलं तेव्हा शेजाऱ्यांनी पाठीवर घालून आणला. वहीत शेवटचा नंबर तीनशे अठरा.

आई सहा दिवस जेवली नाही. सातव्या दिवशी मी इथून घरी जाऊन म्हटलं, दादाचं शेवटचं पाखरू फांदीवर आलंय. तर उठली, एक उकडलेलं केळं खाल्लं. तेव्हापासून रोज अंगणात बसते. मी वाटेवर दिसलो की एवढंच, 'आलं का?' मी 'आलं' म्हणतो, मग ती ताट वाढून घेते. रोज. पाऊस असला तरी. ताप होता मला, तरी यावं लागलं, म्हणजे येऊन तर गेलो असं दिसावं म्हणून — बघा, येतायत. ते पिवळं एकशे ऐंशी. ते दोनशे दोन. नीट बघा, माझ्याकडं काय बघता.

चाळीस दिवस आलं, बाई. लाल असून चाळीस दिवस, हे काय कमी आहे? — ऑगस्टपासून नाही आलं. हो. मग वहीत काय लिहिणार होतो? आईला 'आलं' म्हणायचं आणि वहीत रिकामं सोडायचं? माझा हातच उठेना. — बाकी सगळे नंबर खरे आहेत. आईशप्पथ. तेवढा एकच.

खिशात? डबी आहे. उघडा. तुम्ही येणार कळल्यावर नदीपर्यंत जाऊन एक लाल पकडून आणलं, त्यावर तीनशे अठरा घालायला बसलो. दादाचे आकडे मुंगीएवढे. मला तसे जमेनात. चिमटीत जोर झाला, पंख फाटला. — असू दे, बंद करा ती.

फांदीवर आणखी कोणी यायचं राहिलं नाही. घ्या वही, तुमची आहे, हवं ते खोडा. पण परत जाताना वरच्या वाटेनं जाऊ नका. तिथं आमचं अंगण लागतं. तुम्ही शिकलेल्या बाई, तुम्हाला लीमाहून आलेलं बघून ती मला नाही, तुम्हाला विचारेल, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तोंडावरच दिसतंय. पानात बांधून भाताचे जुआने करून ठेवलेत तिनं तुमच्यासाठी, त्याचं मी सांगेन काहीतरी. तुम्ही ओढ्याकडून खाली उतरा. निघा आता. मला पोचायला उशीर झाला की ती उठून वाटेवर येते.