ब्रेकच नसलेलं इंजिन

...आता ब्रेकच न्हाई म्हणल्यावर माणसानं दाबावं तरी काय? न्हाई, तुम्हीच सांगा! तुम्हाला सांगतो, मी शेषेराव, चौतीस वर्षं रेल्वेत ड्रायव्हर, कधी फलाट सोडून गाडी पुढं नेली न्हाई. अन् आमची लेक अक्षरा, पुण्याची चांगली नोकरी सोडून नांदेडला घरी बसून कॉम्प्युटरवर काय बनवून राहिली, तर जवळजवळ दोनशे वर्षांमागचं वाफेचं इंजिन! लातूरच्या प्रदर्शनात लोकांला चालवायला द्यायचं म्हणं. चार दिवस राहिले अन् मला म्हणली, "पप्पा, आधी तुम्ही थांबवून दाखवा. तरच मी हे लोकांपुढं मांडते."

बसलो कॉम्प्युटरपुढं. वाफ सोडली, गाडी लई झ्याक निघाली, फलाट दिसला, हात सवयीनं ब्रेकला गेला... तर ब्रेक कुठाय? फलाट गेला! मास्तर गेला! गाव गेलं!

"अक्षरा, ब्रेक कुठाय?"

"तेव्हा इंजिनाला ब्रेक नव्हता, पप्पा. शिट्टी मारायची. मग डब्यांवर बसलेली माणसं हातानं चाक फिरवून ब्रेक आवळायची. इथंबी तसंच, कॉम्प्युटरातली माणसं शिट्टी ऐकून आवळतात."

म्हंजे? ड्रायव्हर मी, अन् ब्रेक दुसऱ्याच्या हातात? अन् त्या माणसाला शिट्टी ऐकूच आली न्हाई तर? डुलकी लागली तर? माझं तर डोकंच चालंना! एकोणीस वेळा बसलो हो, एकोणीस वेळा गाडी फलाटापुढं! शेवटी वैतागून म्हणलं, "तुझ्या इंजिनातच कायतरी खोट हाय. एक ब्रेकचं बटन टाक अन् मोकळी हो."

पोरीचा चेहराच उतरला. "बटन टाकलं की ते इंजिन खोटं झालं, पप्पा. खरं करायचं म्हणूनच तर नोकरी सोडली न मी."

खरं हाय तिचं. पण ब्रेक कुठाय?

तेवढ्यात आमच्या मंडळी, मंजुषा, पदराला हात पुसत आल्या. "सरा बरं तिकडं." बाईनं जन्मात स्कूटी चालवली न्हाई! फलाट दिसायच्या कितीतरी आधी तिनं वाफ बंद केली, शिट्टी मारली, थांबली, परत मारली... अन् गाडी करकरत, कण्हत, बरोब्बर फलाटाला उभी!

अक्षरा तर उडालीच. "मम्मी! कसं जमलं गं?"

"त्यात काय? लई आधीपासून सांगत राहायचं. ऐनवेळी सांगितल्यावर कोण ऐकतंय? तीस वर्षं तुझ्या पप्पासंगं दुसरं काय केलं मी?"

झालं! लातूरला ही गर्दी! अक्षराचं इंजिन जसंच्या तसं, बटन-बिटन काय न्हाई, पोरगी नुसती हसून राहिली, बघून माझा ऊर भरून आला. ड्रायव्हर कोण? मंजुषाबाई. मागं अक्षरानं जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ब्रेकचं चाक फिरवायला कोण? मी!

एक गृहस्थ जवळ येऊन इचारत्यात, "काका, तुम्हीबी रेल्वेतच होता का?"

म्हणलं, "हाव, चौतीस वर्षं ड्राय... थांबा, थांबा, शिट्टी झाली!"