राखणदाराच्या डोक्यावर मोजे

चहा ओत, मग सांगतो मी सासुरवाडीच्या डोंगरात परत का गेलो नाही ते.

त्र्याऐंशी साली माझा दिवाळसण. सासुरवाडी राजापूरकडची, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. सासरे म्हणाले, "जावयबापू, चला, घळीतनं वर जाऊ. सगळा सह्याद्री दाखवतो." निम्मं घर निघालं. वाटेत पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, आला की सगळे चपला हातात घेऊन पाण्यातून पार व्हायचे. मी मुंबईचा, बूट कशाला काढतोय? उडी मारली ती थेट पाण्यात. पलीकडे एक उभा दगड उन्हात तापला होता. त्यावर मोजे पसरले आणि डोंगर बघत बसलो.

सासरे आले आणि जागीच थबकले. "अहो, देव हाय तो! आमचा राखणदार!"

मी मोजे उचलेपर्यंत त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या नव्या जावयानं तुझ्या डोक्यावर मोजे वाळत घातलेन..."

"व्हय म्हाराजा!" मागून सगळे ओरडले.

"अजाण हाय, पदरात घे. आणि त्याला थोडी अक्कल दे!"

मी मान खाली घालून उभा. जावयाचा मान राखायला ह्या वेळी बाकीच्यांनी नुसते हात जोडले. "व्हय म्हाराजा" म्हणाली ती एकटी आमची ही, आणि घळीनं ते मला दोनदा ऐकवलं.