मंगळवारची म्याडम

...नाई, पन मी म्हन्तो, दवाखान्यात खोलीच्या भाईर पाटी लावाची 'समुपदेशन कक्ष', अन् आत उपदेश एक नाई! तुमाले सांगतो, मी उकंडराव, एकोनतीस वर्षं एस्टीत कंडक्टर होतो, मंगरूळपीर-वाशिम, वाशिम-मंगरूळपीर, गाडीवर जे पाटी तेच गाव! पाटी एक अन् गाव दुसरं केलं असतं तं पब्लिकनं सोडलं असतं का मले? पन इथं चालते! मले वाटलं, बाई दोन गोष्टी सांगन, सकाळी फिराले जा, टेन्शन घेऊ नका... काईच नाई! समोर बसली वैभवी म्याडम, आमच्या पोरीपेक्षा लहानच असन, अन् मी आपलं एका दमात सगळं सांगतलं, छातीत धडधड होते, जेवन जात नाई, तीनदा छातीची पट्टी, ते इसीजी, काढली, तिन्ही डाव नार्मल... अन् म्याडम म्हने, "मग?"

मग! अवो मग काय? मग तुमच्याकडं आलो ना!

तसं मले काई हौस नोयती. आमची पोरगी सपना, केनवडले शाळेत शिकवते, तिनं सुट्टी टाकून आनलं मले धरून. तिची माय, लिला, जाऊन दीड वर्ष झालं, अन् बाप रडला नाई, हे पोरीचं दुखनं! "बाबा, तुमी मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीबी पावन्यायले हसवत होते!" म्हनलं, मंग काय रडवत बसू? जेवाले बसलेल्या मानसाले हसवाव नाई तं काय कराव? हेच मी म्याडमले इचारलं. अन् म्याडम म्हने, "मग?"

दुसऱ्या मंगळवारी मीबी तयारीनं गेलो. म्हनलं, म्याडम, एकडाव जऊळक्याचा एक बुढा खिडकीतून मले इचारते, "कंडक्टरसाहेब, हे गाडी जाते तरी कुठं?" म्हनलं, बावा, इतकी वर्षं मीबी तेच पाहून राह्यलो, जात कुठंच नाई, रोज मंगरूळलेच वापस येते! अस्सी हसली म्याडम... तोंडाले रुमाल लावला! बस, तिथून मले नादच लागला. सोमवारी शर्टाले इस्त्री, मंगळवारी अकराले हाजर, अन् आठवडाभर मी जोक जमा करून राह्यलो! म्याडम इचारे, "काका, धडधड कशी आहे?" म्हनलं, कोन्ती धडधड? गायब! नोयती हो गायब, चांगली भोंग्यासारखी वाजत होती! पन एवढी शिकलेली पोरगी, एवढी मेहनत घेऊन राह्यली, तिले नापास कसं कराव?

सहाव्या मंगळवारी मी चांगला ठेवणीतला जोक काढला, अन् म्याडम हसलीच नाई! नुसती पाहे माह्याकडं. मंग म्हने, "काका, एक विचारू? तुम्ही इथं स्वतःला बरं वाटावं म्हणून येता, की मला बरं वाटावं म्हणून?"

आता हे काय इचारनं झालं? आं? तुमीच सांगा! हसवलं बी आमीच अन् गुन्हेगार बी आमीच! उठलो, म्हनलं, येतो मी. अन् पुढचे दोन मंगळवार गेलोच नाई. दोन्ही मंगळवार मोबाईल वरच्या खिशात ठेवून फिरलो, आंघोळीले गेलो तं न्हानीच्या खिडकीत ठेवला. म्हनलं, म्याडम आता फोन करन, आता करन... नाई केला! एक फोन नाई!

तिसऱ्या मंगळवारी गेलो, फकस्त भांडाले! खुर्चीवरबी नाई बसलो. म्हनलं, मानूस उठून गेला, जित्ता हाय का मेला इचारावं नाई वाटलं तुमाले? असं कोनी कोनाले सोडून देते का? भाईरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राह्यले, एवढा आवाज! मले वाटलं, आता हे शिपायाले बलावते.

म्याडम म्हने, "चुकलं माझं, काका. मी फोन करायला हवा होता. पण तुमची अकराची वेळ मी दुसऱ्या कोणाला दिली नाही. दोन्ही मंगळवारी इथंच बसले होते."

तुमाले सांगतो, साऱ्या नोकरीत एक साहेब मले "चुकलं माझं" म्हनला नाई. खुर्ची ओढली. बसलो. अन् म्याडम म्हने, लय हळू, "मग?"

मग... मग निंघालं तोंडातून. जे सपनालेबी नाई सांगतलं ते. अकोल्याच्या दवाखान्यात लिला पडून होती. माहा हात धरून म्हने, "सपनाचे बाबा, थांबा ना जरा, बसा." मले तिथं बसवत नोयतं, तिचं ते सुकलेलं तोंड पाहवत नोयतं. म्हनलं, "डबल बेल झाली बाई, आता गाडी थांबत नाई!" अन् गेलो च्या प्याले. च्या पिऊन आलो तं... नर्सनं चादर वरपर्यंत ओढली होती. बायको म्हने थांबा, अन् मी जोक मारून निंघून गेलो हो! मीच तिले सोडून गेलो...

तवा रडलो मी. लहान लेकरासारखा, शेंबूड येईस्तोवर. अन् म्याडम मगबी नाई म्हने. मी डोळे पुसून पाहे, का बाई हसून तं नाई राह्यली, मी हसवूनबी नाई राह्यलो तिले, अन् तरी हे आपली बसून हाय! उठून नाई गेली! मंग म्हने, "तुम्ही बेलचं बोललात तेव्हा त्या हसल्या का?" आठवून पाह्यलं... अवो, हसली होती! दात दिसले होते तिचे. रडता रडता मलेच हसू आलं.

मंग तसाच केनवडले गेलो, सपनाले सांगतलं. बापलेक दोघंबी रडलो, अन् रडून झाल्यावर तिनं पिठलं-भाकर वाढली तं तीन भाकरी खाल्ल्या मी! लय दिवसानं जेवनाले चव लागली. धडधड अजून कवामवा होते, पन आता होते तं होते म्हन्तो, नाई तं नाई. म्याडम नापास नाई झाली त्यानं!

आता परवाच्या मंगळवारी मी खुशीत सगळं सांगतलं, झोप लागते, जेवन जाते, पोरीसंग रोज बोलतो. म्हनलं, म्याडम खुश होईन, पुढच्या मंगळवारी अजून सांगू. तं म्याडम हसून काय म्हने? "छान काका! आता दर आठवड्याला यायची गरज नाही, महिन्यातून एकदा आलात तरी चालेल."

घ्या! म्हनलं, म्याडम, धडधड तं लय हाय ना अजून, रोजची! म्हने, "खरंच?" अन् अशी पाहे माह्याकडं का तिच्यापुढं खोटं बोलाची सोयच नाई राह्यली... म्हनलं, नाई. चांगला बिमार होतो हो मी, दर मंगळवारी हक्काची खुर्ची होती... काय करता! आता बरंच राहा लागते!