दोन्ही दुखणी एकदमच

म्हसावदची मी, माहेरही हेच, लग्नानंतर सहा वर्षांत नवरा गेला तशी परत आले आणि शिलाई मशीनवर बसले ती आजतागायत बसलेली आहे, काय सांगू तुम्हाला, अर्ध्या गावाच्या बायकांची मापं मला पाठ आहेत. तुमच्याशी शाळेतली मराठी बोलते, घरात आमची अहिराणी. माझा भाऊ सुभाष माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आई लवकर गेली म्हणून मीच वाढवला त्याला. फौजेत ड्रायव्हर होता, सतरा वर्षं, डोंगरातल्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या चालवल्या.

आणि पेन्शनीवर आला तर गाडीला हात लावेना. पपईची पिकअप शहाद्याला निघाली की म्हणायचा, मी पायी येस. लोक हसायचे. मग दारू, सकाळपासून दारू. बायको मुलीला घेऊन प्रकाशा गावाला माहेरी गेली, तिला दोष नाही हो, मीच म्हटलं, तू जाय, पोरले सांभाळ.

व्यसनमुक्तीला नेला. तिथं त्याच्या फौजेच्या डॉक्टरनं दिलेल्या झोपेच्या, डोक्याच्या गोळ्या काढून घेतल्या, म्हणे हीही नशाच. दोन महिन्यांनी आला, दारू बंद, पण माणूसही बंद. बोलेना, जेवेना. एका दुपारी विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेला दिसला. मी शेजारी जाऊन बसले, त्याचा हात धरला, तासभर सोडला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा प्यायला लागला. मनाच्या डॉक्टरकडे नेला तर ते म्हणाले, आधी दारू सोडवून आणा. म्हणजे हे म्हणतात गोळी नको, ते म्हणतात दारू नको, आणि माझा भाऊ मधल्या मध्ये मरतोय.

मग नंदुरबारला दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि बाकावर बसले. सांगितलं, दोन्ही दुखणी एकाच माणसाची आहेत, दोन्हीचं औषध द्या, नाहीतर मी उठसू नही. डॉक्टरबाई तरुण होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर आहे मावशी, एकमेकांना धरूनच बसलेली आहेत ती, सोडवायची तर दोन्ही एकदमच.

आधी भरती केला, हातांची थरथर थांबेपर्यंत. मग गोळ्या, आणि दर मंगळवारी बोलणं. एका मंगळवारी मलाही आत बोलावलं. तिथं कळलं, फौजेत एकदा त्याला ताप होता म्हणून त्याच्या जागी त्याचा जोडीदार गाडी घेऊन गेला आणि ती दरीत गेली, जोडीदार वाचला नाही. सुभाष म्हणाला, आक्का, ती गाडी मन्ही व्हती.

आणि मला आठवलं हो. त्याच वर्षी सुट्टीवर आला होता, ओट्यावर रडायला लागला, आणि मी काय म्हटलं, फौजी शे तू, बाईमाणूससारखा रडू नको. मीच म्हटलं. तिथं डॉक्टरबाईंसमोर त्याला सांगितलं, मन्ही चूक व्हयनी भाऊ, आते रड. रडला. मीही रडले.

लगेच बरा झाला असं नाही बरं का. पाच महिन्यांनी एका हळदीत प्यायला. पण सकाळी आपणहून मशीनजवळ आला, आक्का, काल मी पिधी. मला असा राग आला, कापड तसंच टाकलं आणि त्याला घेऊन नंदुरबारच्या बसमध्ये बसले. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दुसऱ्याच दिवशी आलात, हेच मोठं. गोळी बदलली, पुन्हा सुरू.

आता वर्ष होत आलं. भावजय अजून आली नाही, मुलगी रविवारी फोनवर बोलते. वाईट दिवस येतात, तो सांगतो, आज वाईट शे. परवाच्या मंगळवारी म्हणाला, आक्का, तुन्हा गुडघा दुखस, आते मी एकलाच जासू. स्टँडवर मी बस हलेपर्यंत उभी होते, जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी आला, पुढच्या मंगळवारची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि हात धुऊन जेवायला बसला. देवानं माझे डोळे अन् त्याची हिंमत शाबूत ठेवावी, बाकी आम्ही करून घेऊ.